शून्याच्या आधीचा सवाल

"त्याच्या आधी?" असं विचारताना सर उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे नेत. आधीचं सगळं आपल्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसलंय अशी त्यांची खात्री असावी. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला काहीही सांगायला जा, तो पुढचं ऐकायचं सोडून मागचं विचारत बसतो. आमचे सर त्यातले, आणि त्यात अव्वल.

एकदा स्टाफरूममध्ये शिपाई म्हणाला, "सर, आज चहाला उशीर होईल. दूध नासलं."

"त्याच्या आधी?"

"दूधवाला उशिरा आला."

"त्याच्या आधी?"

"त्याची गाडी चिखलात रुतली."

"आणि त्याच्या आधी?"

शिपाई किटली खाली ठेवून म्हणाला, "त्याच्या आधी मी ही नोकरी धरली, तिथंच चुकलं बघा." सर्वांत मोठ्याने सर हसले. स्वतःवर झालेला विनोद त्यांना फार आवडत असे, आणि तसे विनोद आम्ही त्यांना भरपूर पुरवत होतो.

मी महाडच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल. माहेर जवळच्या नाते गावातलं, सासर महाडच्या बाजारपेठेतलं. म्हणजे पोलादपूरच्या डोंगरावर माणसं राहतात हे मला ठाऊक होतं, पण कशी राहतात हे पाहायला मी कधी गेले नव्हते. सर तिकडचे. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला खाली जी वाडी दिसते, तिथून ते रोज मोटारसायकलवर येत आणि अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत. रिकामा तास मिळाला की वाचनालयात येऊन बसत. वरच्या मजल्यापर्यंत चढलेल्या पुराने आमच्या कपाटांची तळाची फळी खाल्ली, तेव्हापासून ती रिकामीच असते. तिथे ते हेल्मेट ठेवत आणि विश्वाच्या उत्पत्तीवरची तीच ती दोन-तीन पुस्तकं पुन्हा मागत. मी वैतागून म्हणे, "सर, ती तुम्ही घरीच का घेऊन जात नाही कायमची?" ते म्हणत, "नियम नाही ना, मॅडम." नियम म्हटला की त्यांच्यापुढे विषय संपला.

शनिवारी शेवटच्या तासाला सर क्रमिक पुस्तक मिटून विश्वाच्या जन्माची गोष्ट सांगत. ती अभ्यासक्रमात नव्हती आणि परीक्षेत एका मार्कालाही येणार नव्हती. तरी पोरं थांबत, पोलादपूरची एसटी निघून गेली तरी थांबत. मीसुद्धा वाचनालयाला कुलूप लावून मागच्या बाकावर जाऊन बसे. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण गोष्ट सांगणारा माणूस कळतो.

सर सांगत, आज जे अफाट पसरलेलं दिसतं ते एकेकाळी दाटीवाटीने एकत्र होतं आणि भयंकर तापलेलं होतं. इतकं तापलेलं, की काही जुळून आलं की लगेच फुटायचं. मग जागाच ताणत गेली, सगळं विरळ होत गेलं, निवत गेलं. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजनचे आणि हेलियमचे गाभे तयार होऊन बसले. "सावित्रीच्या पाण्यात जो हायड्रोजन आहे तो तेव्हाचा. नदी नंतरची, डोंगर नंतरचे, पण हा माल तेव्हाचा." पोरं खिडकीतून उगाच नदीच्या दिशेला बघत.

"सर, तेव्हा उजेड होता?" असं कोणीतरी विचारी, आणि सरांचा चेहरा खुले.

"जुलैत आंबेनळी घाटात गेलाय कधी? हेडलाइट लावला की काय दिसतं?"

"पांढरं, सर. पुढचं काय नाय दिसत."

"उजेड असतोच. पण त्याला पुढे जाता येत नाही. धुक्याच्या थेंबाथेंबावर आपटतो, फिरतो, भरकटतो. सुरुवातीची काही लाख वर्षं तसंच होतं. नुसता उजेडच उजेड, आणि तो कोंडलेला. मग सगळं पुरेसं निवलं, सुटे फिरणारे इलेक्ट्रॉन गाभ्यांना जाऊन चिकटले, धुकं विरलं आणि उजेड सुटला. तो अजून चाललाय. आत्ता या वर्गातसुद्धा आहे. पण इतका ताणला गेलाय, की डोळ्यांना दिसत नाही."

मग एखादं चलाख पोरगं अंगठा खांद्यावरून मागे नेऊन विचारी, "सर, पण त्याच्या आधी? अगदी पहिल्याच्या आधी?" हशा पिके. सर मात्र खडू ठेवून हात झटकत आणि म्हणत, "तिथपर्यंत माहीत आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही." घरातल्या दुखणेकऱ्याची चौकशी केल्यावर माणूस ज्या आवाजात उत्तर देतो, तो आवाज. मला तेव्हा वाटे, शास्त्र शिकलेल्या माणसाचा हा विनय असावा.

त्या आवाजाचं कारण मला एका गणपतीत कळलं. आम्ही कॉलेजची चार माणसं सरांच्या वाडीवर दर्शनाला गेलो होतो. ओटीवर खाटेवर त्यांचे वडील बसले होते. सर त्यांना आबा म्हणत. सुकलेला देह, पण पाठ ताठ. त्यांनी माझी चौकशी केली आणि मग विचारलं, "बाय, तू पुस्तकांची राखन करतेस म्हनं. त्यात शून्याच्या आधीचं कायतरी लिवलेलं असंल ना गो?"

मी हसले. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण दुसरं कोणीच हसलं नाही. सरांची बायको मोदकांचं ताट घेऊन आली होती, ती तशीच आत वळली. सर जमिनीकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्यांनी सगळं सांगितलं. ज्यांनी शक्ती-तुऱ्याची बारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी मी थोडं सोपं करून सांगते. आमच्या या भागात पायांत घुंगरू बांधून, ढोलकीवर गोल फेर धरून नाचतात. त्यात दोन पक्ष. शक्तीवाले म्हणतात, सृष्टीत आधी शक्ती, आई. तुरेवाले म्हणतात, आधी शिव. दोन्हीकडचे शाहीर समोरासमोर उभे राहतात आणि गाण्यातून एकमेकांना सवाल घालतात. आता तिथे मुंबईहून लायटिंग येतं, कॅसिओ येतो आणि सवालांच्या जागी टोमणे असतात. पण जुन्या काळी सवाल असत ते सृष्टीच्या उत्पत्तीचे, आणि त्यावर अख्खी गावं रुसत किंवा नाचत. ज्याला उत्तर आलं नाही तो फेट्यातला तुरा काढून समोरच्यापुढे ठेवी, आणि त्या सवालाचं उत्तर घेऊन येईपर्यंत पुन्हा गायला उभा राहत नसे.

आबा तुरेवाले शाहीर. पोलादपूरपासून पार खाडीपर्यंत नाव होतं. सावित्रीच्या काठच्या एका गावचा शक्तीवाला शाहीर त्यांच्या तोडीचा. एका बारीत त्याने विचारलं, पिंडाच्या आधी काय? आबा म्हणाले, ब्रह्मांड. त्याच्या आधी? पंचमहाभूतं. त्याच्या आधी? ओंकार. त्याच्या आधी? शून्य. मग तो गडी फेर धरून पुढे आला आणि म्हणाला, शाहीर, शून्याच्या आधी?

आबांनी बराच वेळ ढोलकी वाजू दिली. मग तुरा काढून ठेवला आणि खाली उतरले. सर तेव्हा मराठी शाळेतले, पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेले. "त्यानंतर आबा गायले नाहीत," सर म्हणाले. "वाडीत कोणी ढोलकीवर थाप मारली तरी उठून शेतावर जायचे. आमच्याकडे कोणी गेलं नव्हतं, मॅडम, पण घरात सुतक होतं."

आता कळलं ना, सरांना ती खोड कुठून लागली? त्या एका सवालापायी हा माणूस फिजिक्स शिकला. मुंबईत गावकीच्या खोलीत, एका मोरीवर पंधरा-वीस माणसं असताना, तो एम.एस्सी. झाला. खोलीतले लोक विचारत, "ह्याचा पगार किती?" भाऊबंद म्हणत, एमआयडीसीत चिकटव पोराला. आबा कोणाचं ऐकत नसत. त्यांना एकच दिसत होतं. पोरगा उत्तर आणायला गेलाय.

दोन वर्षांपूर्वी आबांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता जपायचं. घरी आल्यावर आबांनी मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं, "तुजं शिक्षान झालं, लगीन झालं, पोर झाली. आता माजं उत्तर दे. मला फेट्यात तुरा लावून जायचाय."

त्या उन्हाळ्यात मी सरांना जसं पाहिलं तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी बापलेक ओटीवर बसत. मुलगा पहिल्या क्षणांचं सांगे, बाप त्याची कडवी बांधी. आबांना लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. सर दुसऱ्या दिवशी येऊन ती कडवी मला म्हणून दाखवत, भसाड्या आवाजात.

"उजेड व्हता कोंडलेला, धुकं व्हतं दाट,
निवलं सारं तवा गवसली उजेडाला वाट."

"कसं आहे?" ते विचारत. मी म्हणे, "तुमच्या शनिवारच्या तासापेक्षा बरं आहे." ते खुश होत.

एकदा सरांनी आबांना सांगितलं, की सुरुवातीला पदार्थ आणि त्याचा उलटा पदार्थ जवळजवळ सारखेच होते. एकमेकांना भेटले की दोघेही नाहीसे व्हायचे. पण एका बाजूला अगदी किंचित जास्त होतं, तेवढं राहिलं. तारे, डोंगर, माणसं सगळी त्यातली. ते का जास्त होतं ते अजून कळलेलं नाही. आबा म्हणाले, "म्हंजे आपन उरलंसुरलं." सरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मॅडम, आमचे प्रोफेसर सगळा तास घेऊन जे सांगत होते ते म्हाताऱ्याने दोन शब्दांत बांधलं." बाप भाकरी मागून खायला लागला होता. बायको म्हणाली, आबांचा दम कमी झालाय. मला वाटलं, आता सगळं नीट होणार. काय वाट्टेल ते वाटतं माणसाला.

मग एक दिवस सर आले आणि हेल्मेट हातात तसंच धरून बसले. "आबा तिथे पोचले," ते म्हणाले. कुठे ते विचारायची गरज नव्हती.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं की काही शास्त्रज्ञ म्हणतात, काळच तिथे सुरू झाला, म्हणून 'आधी' या शब्दाला तिथे अर्थ नाही. आबा म्हणाले, ही पळवाट हाय रे. मग सांगितलं, काहींना वाटतं आधी दुसरं एक विश्व होतं. ते म्हणाले, मग त्याच्या आधी? शेवटी म्हटलं, माहीत नाही, आबा. कोणालाच नाही. तर म्हणाले, मग तू मुंबैला काय शिकलास?"

मी जरा रागानेच बोलले. "सर, म्हातारा माणूस आहे. किती दिवसांचा सोबती आहे कोण जाणे. जुळवून सांगा काहीतरी एक वाक्य. तुमच्या फिजिक्सचं काय जाणार आहे?"

"ठोकून द्यायचं असतं तर त्यांनीच त्या दिवशी दिलं असतं, मॅडम. त्यांच्याकडे काय शब्द कमी होते? ठोकून द्यायचं नाही म्हणून तर त्यांनी तुरा ठेवला." यावर मी आणखीच चिडले.

आबांनीच मग तोड काढली. जेवढं जमलंय तेवढं घेऊन जाऊ म्हणाले. उजेड सुटण्याचं, उरल्यासुरल्याचं ऐकल्यावर तो गडी पुढचं विचारणारच नाही, असा त्यांचा विश्वास होता. सरांचा नव्हता. पण बापाला नाही म्हणवेना. मे महिन्यात मुंबईकर गावाला आले की सगळीकडे सत्यनारायणाच्या पूजा असतात, आणि पूजेला बारी. तशी त्या नदीकाठच्या गावची पूजा होती. तो शक्तीवाला शाहीर अजून होता, ऐंशीच्या घरातला, टणक. त्याने आनंदाने होकार कळवला.

मी आणि आमचे हे दोघंही गेलो होतो. दुपार उतरत होती. शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, बर्फाच्या गोळ्याची गाडी. आबांना जीपमधून आणून पुढे खुर्चीत बसवलं होतं. डोक्याला नवा फेटा. नवा तुरा त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, जिंकल्यावर लावायला. मधूनमधून ते खिशावर हात ठेवून बघत.

वाडीच्या पोरांनी आबांचं कवन धरलं. मुंबईत कुरिअरचं काम करणारी, सिक्युरिटीत उभी राहणारी ती पोरं, पण घुंगरू बांधले की वेगळी दिसतात. सर मागे माइकजवळ उभे होते. धुक्याचं कडवं आलं तेव्हा गोळेवाल्यानेसुद्धा किसणी थांबवली. बायका एकमेकींना गप्प करत होत्या. उजेड सुटतो तिथे ढोलकी एकदम मोकळी झाली. आबा ओठ हलवत होते.

कवन संपलं. तो शाहीर पुढे आला. त्याने आधी वाकून आबांना हात जोडले, मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "वा मास्तर! आयुष्यात असं ऐकलं नाय." आबांचा हात खिशाकडे गेला. आणि मग त्या म्हाताऱ्याने एक गिरकी घेतली आणि सूर लावला, "पर येवडं तापलं, त्याच्या आधी काय व्हतं, सांगा शाहीर?"

ढोलकी वाजत राहिली. सगळे सरांकडे बघत होते. सर आबांकडे बघत होते. आबांनी हनुवटी जराशी वर केली. बोल, असं.

सरांनी माइक जवळ घेतला. "माहीत नाही," ते म्हणाले. "मलाच नाही असं नाही. जगात कोणालाच माहीत नाही."

बारीच्या मांडवात असं कधी कोणी बोललं नव्हतं. आधी कोणाला काही कळलंच नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर नापास!" आणि मांडव फुटला. शिट्ट्या, हशा, समोरच्यांच्या घुंगरांचा कल्लोळ. सर माइक जागेवर ठेवून खाली उतरले आणि आबांपाशी आले. आबा म्हणाले, "चल." एवढंच.

त्यानंतर आबांनी बोलणं टाकलं असं नाही. पाणी दे, दार लाव, पोरीला आलीस का गो, एवढं बोलत. फक्त विचारणं बंद केलं. संध्याकाळी सर ओटीवर जाऊन बसत, आबा कूस बदलत. "रागावले असते तर बरं झालं असतं," सर मला म्हणाले. श्रावणात आबा गेले. शेवटपर्यंत त्यांनी उत्तर मागितलं नाही, आणि सरांना त्याचंच सर्वांत जास्त लागलं. मी त्या दिवशी वाचनालयात बसून रडले. मला तो म्हातारा फार आवडला होता.

तेराव्याला आम्ही वाडीवर गेलो. पंगत बसायच्या सुमाराला जीपमधून तो शक्तीवाला शाहीर उतरला. दोन नातू सोबत. आबांच्या फोटोसमोर त्याने डोकं टेकलं, गहिवरला, मग पंगतीत बसून चवीने जेवायला लागला. सर स्वतः वाढत होते. मी समोरच्या पानावर होते. माझा स्वभाव असा, की मनात आलेलं पोटात राहत नाही. मी विचारलंच.

"शाहीर, तुम्हाला तरी ठाऊक आहे का त्या सवालाचं उत्तर?"

"कुठल्या गो?"

"शून्याच्या आधी काय, त्याचं."

त्याने घास गिळला आणि मनापासून हसला. "मला कुठून ठावं असनार, बाय? ते कोनाला ठावं हाय?"

"मग विचारलंत कसं?"

"बारी जिंकायची व्हती. आनि रिवाज हाय ना. हरनाऱ्यानं म्हनायचं, 'हरलो, आता तुमीच सांगा.' मग विचारनाऱ्याला जाग्यावर सांगावंच लागतं. नाय सांगता आलं तर त्योच हरला. त्यानं म्हटलं असतं तर माजाच तुरा गेला असता. मी घाबरून उभा व्हतो, आता म्हनतोय का मग म्हनतोय. पर त्यो मानी मानूस. तुरा ठेवला आनि तोंड फिरवून गेला." त्याने सरांकडे मान वळवली. "आनि मास्तर, तुमी बी तसंच! आवंदा परत माज्या छातीत धडधडलं. म्हटलं, शिकलेला हाय, ह्यो विचारनार. तुमी बी नाय विचारलंत."

सरांच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या भातावर वरण वाढलं आणि म्हणाले, "घ्या, सावकाश होऊ द्या." आणि पुढच्या पानाकडे सरकले.

पुढे एकदा, वाचनालयात दुसरं कोणी नसताना, ते आपणहून बोलले. "तीन शब्द होते, मॅडम. आता तुम्हीच सांगा. आबांना ते म्हणवले नाहीत, कारण त्यांना वाटलं, समोरच्याला माहीत आहे. पण मला? माझं सगळं शिक्षण मला सांगत होतं की कोणालाच माहीत नाही. माइकवर मी तसं बोललोही. आणि तरी आत कुठेतरी मला वाटत होतं, की त्या माणसाला माहीत असेल. माझा बाप ज्याच्यापुढे हरला त्याला माहीत असणारच. मी एम.एस्सी. आहे, मॅडम."

मी दैव वगैरे काहीतरी म्हटलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं बोलून त्यांना मारलं, आणि तेसुद्धा अर्धवट खरं बोलून," ते म्हणाले. "पुढचं वाक्य बोललो असतो तर त्यांनी तिथेच तुरा लावला असता."

शनिवारचा तास बंद झाला. पोरांनी महिनाभर वाट पाहिली, मग तीही वेळेवर एसटी पकडू लागली. सर नोट्स सांगू लागले, पोरं उतरवू लागली. त्या वर्षी फिजिक्सचा निकाल चांगला लागला आणि प्राचार्यांनी सभेत त्यांचं कौतुक केलं. सर खुर्चीतून अर्धवट उठून परत बसले. शिपायाने एकदा मुद्दाम चहा उशिरा आणला, उगाच लांबलचक सबबी सांगितल्या. सर म्हणाले, "बरं." शिपाई बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, हे काय बरं दिसत नाय." आम्ही दोघं उभे राहिलो, पण करणार काय होतो?

आता सर इथे नाहीत. गेल्या जूनमध्ये राजीनामा देऊन ते मुंबईकडे एका क्लासमध्ये शिकवायला गेले. तिथे प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेतात. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात आणि त्यांतलं एक बरोबर असतंच. त्यांची जागा अजून भरलेली नाही. फिजिक्सच्या तासाला पोरं माझ्याकडे येऊन बसतात आणि मोबाइल बघतात.

जायच्या आधी ते राहिलेली पुस्तकं परत द्यायला आले, तेव्हा मुलगी बरोबर होती. सहावीतली, दोन वेण्या, आबांसारखी ताठ पाठ. ती खिडकीत बसून पाय हलवत होती. सर पुस्तकांना सुतळी बांधत होते. घरी इतकी वर्षं न नेलेली ती विश्वाच्या उत्पत्तीवरची पुस्तकं मी जुनी म्हणून त्यांना देऊन टाकली होती.

मुलीने मध्येच विचारलं, "बाबा, आजोबांना त्यांचं उत्तर मिळालं का?"

सरांनी सुतळी आवळली.

"मिळालं," ते म्हणाले.

"कोणी दिलं?"

"मी."

मुलीचा चेहरा असा काही उजळला, की मला कपाटांकडे तोंड फिरवावं लागलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यासमोर आपल्याला माहीत नसलेली एकही गोष्ट कधी छातीठोकपणे सांगितली नव्हती. आणि आता घडलेलंच नाही ते सहज सांगत होता, आवाज न चाचरता.

"काय दिलं? मला सांगा ना!"

सरांनी सुतळीला आणखी एक गाठ मारली. मग म्हणाले, "विसरलो."

"असं कसं विसरलात? एवढ्या मोठ्या सवालाचं?"

"विसरलो खरा."

बापाची तिला दया आली असावी. खिडकीतून खाली उतरली, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "राहू दे. मी मोठी झाले ना, की शोधून काढीन. मग तुम्हाला सांगेन, हं."

सरांनी झटकन मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, खरं काय ते सांगायलाच असावं. पण ती तोवर दप्तर उचलून जिना उतरूही लागली होती, एकेक पायरी सोडून उड्या मारत. सर गठ्ठ्यावर हात टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा कधी कोणाचा तसा पाहायला लागू नये असं मला वाटलं.

खालून तिने हाक मारली, "बाबा, चला ना!"

"आलो," सर म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.